स्पीती पाहायची ती उंचीच्या क्रमाने

पहिल्या खेपेला आम्ही स्पीतीत मनालीकडून शिरलो. नकाशावर तीच वाट जवळची दिसते. सकाळी मनालीत आलू पराठे हाणले, बोगदा ओलांडला, दिवसभर दगडगोट्यांवरून आपटत संध्याकाळी चंद्रतालच्या तंबूत पोचलो. मनाली साधारण २,००० मीटरवर, चंद्रताल ४,२५० मीटरच्या आसपास. म्हणजे एका दिवसात अख्ख्या कळसूबाईपेक्षा जास्त उंची अंगावर घेतली होती. रात्री पहिली उलटी झाली ती आमच्यातल्या सगळ्यात दणकट गड्याला. दर हिवाळ्यात नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड चढणारा माणूस, डोकं दोन्ही हातांत धरून बसला होता. उजाडताच त्याला गाडीत घालून खाली उतरलो. सरोवर अर्ध्या तासावर होतं, तेही पाहिलं नाही. सहल कंपनीच्या छापील कार्यक्रमात त्या दिवसापुढे ‘निसर्गरम्य प्रवास’ एवढंच लिहिलेलं होतं.

पुढे दोनदा गेलो ते उलट्या बाजूने, आणि दोन्ही वेळा सगळी मंडळी हसतखेळत परतली. स्पीतीत काय पाहायचं याची यादी कुणीही देईल. ताबो, धनकर, ‘की’, लांगझा, चंद्रताल ही नावं सगळीकडे तीच. ती कोणत्या क्रमाने पाहायची, यावर मात्र तुमची सहल होते की दवाखान्याची फेरी, ते ठरतं.

शिरायचं किन्नौरमधून, बाहेर पडायचं कुंझुममधून

स्पीती हिमाचल प्रदेशच्या लाहौल-स्पीती जिल्ह्यात येते. स्थानिक लोक तिला ‘पिती’ म्हणतात. नावाचा अर्थ मधला प्रदेश, म्हणजे तिबेट आणि हिंदुस्थान यांच्यामधला. खोऱ्यात जायला दोन रस्ते. एक सिमल्याहून सतलजच्या काठाने, रामपूर आणि किन्नौरमार्गे काझापर्यंत. सुमारे सव्वाचारशे किलोमीटर. दुसरा मनालीहून अटल बोगदा, ग्राम्फू, बातल आणि कुंझुम खिंडीमार्गे. दोनशे किलोमीटरच्या आतबाहेर.

लांबचा रस्ता निवडा. त्याचं कारण मुक्कामांच्या उंचीत आहे. सराहन २,१६५ मीटर, कल्पा २,९६०, ताबो ३,२८०, काझा सुमारे ३,६५०, आणि सगळ्यात शेवटी चंद्रताल ४,२५०. जिन्याच्या पायऱ्यांसारखी चढत गेलेली ही रांग आहे. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असं डॉक्टर सांगतात, आणि हा रस्ता तो नियम जवळपास आपोआप पाळतो. दिवसा कितीही वर जाऊन या, झोपायला खाली या. चंद्रतालची एक उडी मोठी आहे, पण तोवर तुमचे चार-पाच दिवस काझात आणि वरच्या गावांत गेलेले असतात.

चंदीगडपासून चंदीगडपर्यंत बारा-तेरा दिवस हातात हवेत. दहाच असतील तर पिन खोरं आणि चंद्रताल गाळा. कल्पा आणि ताबोचे मुक्काम गाळू नका. सातच दिवस असतील तर किन्नौर पाहून या, तेही कमी सुंदर नाही.

कधी जायचं

कुंझुम खिंड साधारण जूनमध्ये उघडते आणि ऑक्टोबरमध्ये बंद होते. बर्फ किती पडलं यावर तारखा पुढेमागे होतात, त्यामुळे पूर्ण फेरी मारायची तर जूनच्या उत्तरार्धापासून सप्टेंबरअखेरपर्यंत. माझी पसंती सप्टेंबरला. मटार आणि जव काढून झालेले असतात, आकाश निळंशार असतं, नाल्यांचं पाणी उतरलेलं असतं.

‘स्पीती पर्जन्यछायेत आहे, तिथे पाऊस पडत नाही’ हे अर्धसत्य आहे. स्पीतीत कमी पडतो, पण तिथे पोचवणारे दोन्ही रस्ते भर पावसाळी मुलखातून जातात. किन्नौरमध्ये दरडी कोसळतात. २०२३ च्या जुलैत तर चंद्रतालला अवेळी बर्फ पडून जवळपास तीनशे पर्यटक अडकले आणि त्यांना काढायला कित्येक दिवस लागले. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये जाणार असाल तर गाठीला दोन दिवस जादा ठेवा.

हिवाळ्यात फक्त किन्नौरची बाजू उघडी असते, तीही बर्फाच्या मर्जीने. फेब्रुवारी-मार्चमध्ये हिमबिबट्या पाहायला लोक किब्बरला जातात. पारा शून्याच्या खाली वीस-पंचवीस अंश, नळ गोठलेले, शौचालय कोरडं. ती सहल वेगळी, तिची तयारीही वेगळी.

निघण्यापूर्वी

भारतीय नागरिकांना स्पीतीसाठी परवाना लागत नाही. ओळखपत्र जवळ ठेवा, तपासणी नाक्यांवर नोंद होते. परदेशी पासपोर्ट असलेल्यांना, म्हणजे ओसीआय कार्ड असलेल्या आपल्या नातेवाइकांनाही, किन्नौर ते स्पीती या सीमेलगतच्या टप्प्यासाठी इनर लाइन परमिट घ्यावं लागतं. ते सिमला किंवा रेकाँग पिओला मिळतं. अमेरिकेहून आलेल्या भाच्याला हे ऐन वेळी कळलं तर एक दिवस गेलाच समजा.

चंदीगडला मुंबई-पुण्याहून विमान आहे. कोकणातल्या आणि गोव्यातल्या मंडळींना मडगावहून सुटणारी गोवा संपर्क क्रांती थेट चंदीगडला नेते. तिथून पुढे गाडी भाड्याने घ्या किंवा हिमाचल परिवहनच्या बसने जा. रेकाँग पिओहून काझाला पहाटे-सकाळी बस सुटते. दिवसभराचा प्रवास, पण खिडकीची जागा मिळाली तर टॅक्सीपेक्षा मजेचा. स्वतःची गाडी नेणार असाल तर जमिनीपासून उंच असलेलीच न्या. टाकी रेकाँग पिओजवळ पोवारीला काठोकाठ भरा. पुढचा भरवशाचा पंप थेट काझाला.

रोख पैसे पिओलाच काढून ठेवा. काझात एटीएम आहे, पण त्यात पैसे असतीलच असं नाही आणि नेटवर्क गेलं की यूपीआयही गेलं. घरी सांगून ठेवा की दोन दिवस फोन लागला नाही तरी घाबरू नका. मुलाबाळांपेक्षा आईवडिलांना सांगा, तेच जास्त काळजी करतात.

कपड्यांचं एका वाक्यात: एक जाड जॅकेट नेण्यापेक्षा तीन पातळ थर न्या, शिवाय कानटोपी, गॉगल, सनस्क्रीन आणि व्हॅसलीन. तिथल्या उन्हात तासाभरात नाक सोलतं.

डायमॉक्स नावाची गोळी बरेच जण उंचीच्या त्रासावर प्रतिबंधक म्हणून घेतात. ती आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्या. सल्फा औषधांची अॅलर्जी असणाऱ्यांनी तर नक्कीच. रक्तदाब, हृदय, दमा असं काही असेल किंवा पोटुशी बाई बरोबर असेल, तर तिकीट काढण्यापूर्वी डॉक्टरांशी बोला.

सतलजच्या काठाने: सराहन आणि कल्पा

पहिला मुक्काम सिमला किंवा नारकंडा. कालका ते सिमला छोट्या गाडीने जायची हौस असेल तर ती इथेच भागवा. १९०३ साली सुरू झालेली ही ९६ किलोमीटरची रेल्वे आता जागतिक वारसा आहे.

दुसऱ्या दिवशी नारकंड्याचा घाट उतरून रामपूर, आणि पुढे जेओरीहून उजवीकडे चढलं की सराहन. इथलं भीमाकाली मंदिर दगड आणि देवदाराच्या तुळया आलटून पालटून रचून बांधलेलं आहे. या बांधणीला ‘काठकुणी’ म्हणतात. भूकंपात लाकूड हलतं, धरून राहतं, आणि भिंत उभी राहते. पुढे स्पीतीत लाकूड संपतं आणि नुसती माती उरते, म्हणून हे मंदिर जाताना नीट पाहून ठेवा.

तिसऱ्या दिवशी कल्पा. समोर किन्नर कैलास. इथे दोन रात्री राहा. दुसरा दिवस ‘वाया’ घालवा: रोघी गावापर्यंत पायी जा, सफरचंदांच्या बागांतून फिरा. ज्यांना स्वस्थ बसवत नाही त्यांनी सांगला खोऱ्यातल्या छितकुलला जाऊन यावं, ३,४५० मीटरवर. पण सगळा दिवस गाडीत जाईल.

खाबचा पूल आणि त्यापुढचा उजाड मुलूख

कल्प्याहून भल्या सकाळी निघा. पूह ओलांडलं की झाडं विरळ होत जातात आणि मग एका वळणानंतर संपतातच. खाबला मानसरोवराच्या परिसरातून आलेली सतलज आणि कुंझुमकडून आलेली स्पीती नदी एकमेकींना भेटतात. पुलाशी गाडी थांबवा. दोन पाण्यांचे रंग काही अंतर वेगळे दिसतात. त्या दोन्ही खोऱ्यांवर रियो पुर्ग्याल उभा असतो, ६,८१६ मीटर, हिमाचलमधलं सर्वांत उंच शिखर. रस्त्यावरून पूर्ण दिसत नाही. त्याच्या पायथ्याच्या भिंतीच इतक्या उंच आहेत.

नंतर वळणावळणांचा चढ चढून नाको. तळ्याकाठी विलो, पॉपलरची झाडं, जुनी दगडी घरं आणि गावातच एक प्राचीन गोंपा, म्हणजे बौद्ध मठ. बहुतेक जण इथे राहतात. मी राहत नाही. नाको ३,६६० मीटरवर आहे, म्हणजे काझाएवढंच उंच, आणि तुम्ही कल्प्याहून आलेले असता. चहा प्या, तळ्याभोवती फेरी मारा आणि ताबोला उतरा.

वाटेत सुमदोनंतर उजवीकडे ग्यू गावाचा फाटा लागतो, आठेक किलोमीटर आत. काचेच्या पेटीत बसलेल्या स्थितीतल्या एका भिक्षूचं शरीर तिथे आहे, सुमारे पाचशे वर्षांपूर्वीचं. मसाले-लेप काही नाही. कोरड्या थंड हवेने टिकलेलं. दात दिसतात, डोक्यावर केसांच्या खुणा दिसतात. १९७५ च्या भूकंपात जुनं स्मारक ढासळलं आणि ते उघडं पडलं, असं सांगतात. गावकऱ्यांसाठी ते लामाच आहेत, त्यामुळे ‘ममी बघायला आलो’ म्हणत सेल्फी काढणाऱ्यांकडे ते कसे बघतात, ते एकदा पाहिलं की फोन आपोआप खिशात जातो.

ताबो: इथे घाई केलीत तर सगळं चुकलं

ताबोला बाहेरून काहीच नाही. मातीच्या भिंतीचं आवार, आत मातीचेच ठोकळे, शेणामातीने सारवलेल्या खळ्यासारखा रंग. अर्ध्या गाड्या इथे वीस मिनिटं थांबून पुढे जातात. त्यांनी काय गमावलं ते त्यांना कधीच कळत नाही.

हा विहार इ. स. ९९६ मध्ये स्थापन झाला. पश्चिम तिबेटमधल्या गुगे राज्याचा राजा येशे-ओ याने तो उभारला आणि भाषांतरकार म्हणून ख्यात असलेल्या रिनचेन झांगपो याचं नाव त्याच्याशी जोडलेलं आहे. आपल्याकडे कोकणात शिलाहारांचं राज्य होतं तेव्हाची ही गोष्ट. मुख्य मंदिराला ‘त्सुगलाखांग’ म्हणतात. आत शिरल्यावर पहिली दोन मिनिटं काहीही दिसत नाही. तसेच उभे राहा. हळूहळू मधोमध चौमुखी वैरोचन बुद्ध दिसू लागतो आणि मग भिंतीभोवती, डोक्यापेक्षा उंचावर, तीसहून अधिक मृण्मूर्ती जणू हवेत बसलेल्या उमटत जातात. सगळी खोली मिळून एक मंडल आहे आणि तुम्ही त्याच्या आत उभे आहात. मूर्तींच्या खाली-वर भित्तिचित्रं आहेत. चेहऱ्यांवर आणि वस्त्रांवरच्या नक्षीत काश्मिरी कारागिरांची छाप ओळखू येते.

ताबोला ‘हिमालयातलं अजिंठा’ म्हणायची पद्धत आहे. अजिंठा पाहिलेल्या मराठी माणसाला ते पटतंही आणि खटकतंही. अजिंठ्याच्या लेण्यांत शतकानुशतकं पूजा झाली नाही. ती सापडली तेव्हा ओस होती. ताबोत हजार वर्षं दिवा लागतो आहे, आणि त्याच दिव्याच्या काजळीखाली चित्रं मंद झाली आहेत. इथे कातळ नाही, माती आहे, त्यामुळे पावसाचं प्रमाण थोडं वाढलं तरी छताला धोका.

आत छायाचित्रं काढता येत नाहीत. छोटी विजेरी न्या, पण भिंतीवर रोखून धरू नका. जमिनीकडे धरून मिळणाऱ्या उजेडात बघा. सकाळी सहाच्या सुमारास प्रार्थना असते, बाहेरच्यांना मागे बसता येतं. दुपारी गावामागच्या डोंगरातल्या ध्यानगुंफांकडे चढा. तोच तुमचा पहिला उंचीचा सराव. संध्याकाळी ताबोची सफरचंदं खा; समुद्रकाठच्या माणसाला इतकं करकरीत सफरचंद माहीत नसतं.

इथेही दोन रात्री राहिलात तर उत्तम.

धनकर आणि ल्हालुंग

ताबो ते काझा सत्तेचाळीस किलोमीटर, पण अख्खा दिवस द्या. शिचलिंगहून उजवीकडे आठ किलोमीटर चढलं की धनकर, ३,८९४ मीटर. स्पीतीची जुनी राजधानी. ‘धंग’ म्हणजे कडा आणि ‘कर’ म्हणजे किल्ला. गड-किल्ल्यांवर वाढलेल्या माणसाला जागा कुणी का निवडली ते सांगावं लागत नाही: खाली पिन आणि स्पीती नद्यांचा संगम, दोन्ही खोऱ्यांतून येणारा-जाणारा नजरेच्या टप्प्यात. जुना गोंपा अक्षरशः मातीच्या सुळक्यांना चिकटलेला आहे. २००६ साली वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाने जगातल्या धोक्यातल्या शंभर वास्तूंत त्याचा समावेश केला होता. आत एका वेळी मोजकीच माणसं जाऊ द्या. पंचवीस जणांचा गट एका खोलीत घुसवू नका, ती जमीन खरोखरच झिजते आहे.

गोंपाच्या वर तास-दीड तासाच्या चढावर धनकरचं तळं आहे. चढ जेमतेम अडीचशे मीटरचा, सिंहगडाच्या निम्माही नाही, पण दर पन्नास पावलांवर थांबावं लागतं. दमलात तर लाज वाटून घेऊ नका. पोटऱ्या सह्याद्रीच्या असल्या तरी हवा इथली आहे. ४,००० मीटरवर हवेचा दाब समुद्रकाठच्या साठ टक्क्यांच्या आसपास असतो.

वेळ उरला तर लिंगती नदीच्या खोऱ्यातलं ल्हालुंग. छोटंसं देऊळ, ‘सेरखांग’ म्हणजे सुवर्णमंदिर. चावी गावात कुणाकडे तरी असते, ती शोधण्यात अर्धा तास जातो आणि त्या अर्ध्या तासात दोन घरी चहा होतो. ताबोत लांबून पाहिलेल्या मूर्ती इथे हाताच्या अंतरावर असतात. गर्दी नाहीच. मला विचाराल तर अख्ख्या स्पीतीत हे माझं सगळ्यात आवडतं ठिकाण.

काझा: मुक्कामाचं गाव

काझाला पोचल्यावर त्या संध्याकाळी काहीही करू नका. इथे बाजार, दवाखाना, पेट्रोल पंप आणि टॅक्सी युनियन आहे. पुढचे तीन-चार दिवस इथूनच फेऱ्या मारायच्या. आजूबाजूच्या गावांसाठी शेअर गाडी जमवायची तर आदल्या संध्याकाळी बाजारात चौकशी करा.

बोटाला लावायचा ऑक्सिमीटर जवळ असेल तर काझात ८५ ते ९० च्या आसपास आकडा पाहून हादरू नका. तिथे ते नवल नाही. आकड्यापेक्षा माणसाकडे बघा. डोकं दुखणं, भूक मरणं, झोप न लागणं ही सौम्य लक्षणं: त्या दिवशी वर जायचं नाही, पाणी प्यायचं, दारू आणि झोपेची गोळी टाळायची. विश्रांतीतही धाप लागणं, खोकला सुटणं, तोल जाणं, बोलणं असंबद्ध होणं ही गंभीर लक्षणं: रात्र असो की पहाट, खाली उतरायचं आणि दवाखाना गाठायचा. सरळ रेषेत, टाचेला बोटं लावून चालायला सांगा. जमलं नाही तर वाट बघू नका. आणि एक मराठी दुखणं: ‘सगळ्यांचा बेत माझ्यामुळे नको बिघडायला’ म्हणून लपवणं. गटातल्या प्रत्येकाला रोज सकाळी स्पष्ट विचारा, विशेषतः काकांना.

जेवायला थुक्पा (शेवयांचं सूप), मोमो आणि तिंगमो (वाफवलेला पाव). घरगुती मुक्कामात ‘त्साम्पा’ मागून घ्या. भाजलेल्या जवाचं पीठ. म्हणजे आपलं सातूचं पीठच, गुळाऐवजी लोणी-मिठाच्या चहात कालवलेलं. माझ्या सासूबाईंनी तिथे पहिल्या घासालाच ओळखलं.

की, किब्बर, चिचम

पहिल्या पूर्ण दिवशी ही बाजू. की गोंपा ४,१६६ मीटरवर, काझाहून चौदा किलोमीटर. स्पीतीतला सर्वांत मोठा विहार, तिबेटी बौद्धांच्या गेलुग पंथाचा. मंगोल स्वाऱ्या, डोग्रा फौज, आग आणि १९७५ चा भूकंप, एवढं सोसून उभा आहे. दर वेळी दुरुस्तीत एकेक खोली वाढली आणि त्यातून हा मधाच्या पोळ्यासारखा आकार आला. २००० साली दलाई लामांच्या हस्ते इथे कालचक्र हा बौद्ध दीक्षेचा सोहळा झाला. स्वयंपाकघरात बसवून चहा देतात, नाकारू नका. जो फोटो सगळीकडे दिसतो तो गोंपातून नव्हे, किब्बरच्या रस्त्यावर थोडं वर चढून काढलेला असतो. सकाळचा उजेड चांगला.

किब्बर ४,२७० मीटरवर. गावाभोवती अभयारण्य आहे. उन्हाळ्यात हिमबिबट्या दिसायची आशा नको, पण भरल (निळी मेंढी) आणि आयबेक्स (रानबकरा) दिसू शकतात. पुढे चिचमचा पूल. २०१७ मध्ये तो होईपर्यंत लोक खोल घळीवरून दोरखंडावर टांगलेल्या पाळण्यात बसून, हाताने दोर ओढत पलीकडे जात. आता आपण पुलावर रील काढतो. जुना दोरमार्ग कुठे होता ते गावकऱ्याला विचारून बघा आणि मग खाली डोकावा.

लांगझा, हिक्किम, कोमिक

दुसरा दिवस या तिघांचा. लांगझाला खोऱ्याकडे तोंड करून बसलेली बुद्धमूर्ती, मागे चाऊ चाऊ कांग निल्डा हे ६,३०३ मीटरचं शिखर. तुम्ही ज्या काळ्या मातीवर उभे असता तो एके काळी टेथिस समुद्राचा तळ होता. भारताचा भूखंड आशियाला भिडला, तळ उचलला गेला, आणि पंधरा कोटी वर्षांपूर्वीच्या आसपासचे अमोनाइट नावाचे शंखासारखे जीव दगड होऊन इथल्या शेतांत सापडू लागले. गावातली मुलं ते विकायला आणतात. हातात घेतलात की चटकन कळेल: देवघरातला शाळिग्राम तो हाच! आपल्याकडचे नेपाळातल्या गंडकीच्या पात्रातून येतात, पण समुद्र तोच.

विकत मात्र घेऊ नका. दहा-वीस रुपयांना एक घेतलात की उद्या दहा शोधायला डोंगर खणला जातो. मुलाला सांगा, ‘बघू दे, दाखव कुठे सापडला’; तो आनंदाने नेऊन दाखवतो, आणि त्या दाखवण्याचे पैसे द्या.

हिक्किमचं टपाल कार्यालय १९८३ पासून सुमारे ४,४०० मीटरवर चालू आहे आणि जगातलं सर्वांत उंच म्हणून त्याची ख्याती झाली. पोस्टकार्डं काझातच घेऊन, पत्ते लिहून, पिनकोड घालून जा. तिथे वाऱ्यात बसून पंधरा पत्ते आठवणं जमत नाही. आम्ही टाकलेलं कार्ड पुण्याला आलं ते आम्ही परतल्यावर बऱ्याच दिवसांनी. कोमिक ४,५८७ मीटरवर, साक्य पंथाचा तांग्युद गोंपा तिथे. पाटीपाशी फोटो काढा, गोंपाभोवती एक फेरी मारा, आणि दुपारच्या आत परत फिरा. कोमिकला पहिल्याच दिवशी जाणारे लोक फोटोत हसतात, रात्री नाही.

सगळ्या गोंपांत, चोर्तेनला (स्तूपाला) आणि मणी-भिंतींना (मंत्र कोरलेल्या दगडांच्या भिंतींना) उजवी घालून जायचं, म्हणजे आपल्या प्रदक्षिणेसारखंच. भेटेल त्याला ‘जुले’ म्हणा. नमस्कार, आभार, निरोप सगळं त्यात येतं.

पिन खोरं

एक दिवस जास्त असेल तर. अटरगूच्या पुलावरून वळलं की डोंगरांचे रंग बदलतात, जांभळट आणि तांबूस होतात. कुंगरीचा गोंपा न्यिंगमा पंथाचा, स्पीतीतल्या जुन्या विहारांपैकी. रस्ता मुद गावाशी संपतो, ३,७७० मीटर. इथून भाबा खिंडीची पायवाट किन्नौरला उतरते; ट्रेकर मंडळींनी ती पुढच्या वर्षासाठी बघून ठेवावी. मुदला एक रात्र राहा. काझाएवढीच उंची असल्याने त्रास होत नाही, आणि संध्याकाळी गुरं परत येतानाचं गाव पाहायला मिळतं.

कुंझुम, चंद्रताल आणि बाहेर

काझाहून सकाळी सहाला निघा. लोसारला नाश्ता, मग कुंझुम खिंड, ४,५५१ मीटर. खिंडीतल्या देवीच्या ठाण्याला गाड्या प्रदक्षिणा घालून पुढे जातात; ड्रायव्हर घालेल, घालू द्या. पलीकडे उतरल्यावर बातलच्या थोडं अलीकडे उजवीकडे चंद्रतालचा अरुंद रस्ता फुटतो.

सरोवराकाठी तंबू ठोकायला बंदी आहे. तळ काही किलोमीटर अलीकडे असतात, आणि वाहनतळापासून शेवटचा टप्पा पायीच. चंद्रताल २००५ पासून रामसर पाणथळ आहे, म्हणजे जपायच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत. पोहणं नाही, साबण नाही. युधिष्ठिराला न्यायला इंद्राचा रथ इथेच उतरला, असं लोक सांगतात. दुपारी वारा सुटून पाणी काळपट होतं, संध्याकाळी वारा पडतो आणि पाण्यात शिखरं उलटी दिसू लागतात. पूर्ण फेरी मारायला तास-दीड तास. रात्र घालवायची की नाही हे त्या दिवशी सकाळी ठरवा: काझात सगळ्यांना नीट झोप लागत असेल तर राहा, एखाद्याचं डोकं दुखत असेल तर सरोवर पाहून थेट मनालीकडे.

बातल ते ग्राम्फू हा सगळ्या सहलीतला सर्वांत वाईट रस्ता. वितळलेल्या बर्फाचे नाले रस्त्यावरून वाहतात आणि ऊन चढेल तसं त्यांचं पाणी वाढतं. सकाळी घोट्यापर्यंत असलेला नाला दुपारी तीनला गाडी अडकवतो. म्हणून तळावरून उजाडताच निघा आणि नाले दहा-अकराच्या आत मागे टाका. अडखळलात तर समोरची गाडी कशी काढतात ते बघा. पाण्यात उतरून चाचपण्याची हौस करू नका, ते बर्फाचं पाणी आहे.

कोकसरहून नऊ किलोमीटरचा अटल बोगदा, आणि बोगद्याच्या दुसऱ्या तोंडाला एकदम देवदार, ओली माती आणि हॉर्नचा गोंगाट. चंदीगडचं परतीचं विमान दुसऱ्या दिवशीचं घेऊ नका, तिसऱ्या दिवशीचं घ्या. रस्ता बंद पडला तर एक दिवस हाताशी राहतो, आणि नाही पडला तर मनालीत गरम पाण्याने अंघोळ करून दिवसभर झोपता येतं.